दोन मुलं, तीन तास: मनीषनगरच्या एका घरातली घरशाळा

नागपुरातल्या मनीषनगरमधलं पाच माणसांचं घर. वडील मिहानमधल्या एका कंपनीत. सकाळी आठला निघतात, रात्री आठला परत. आई घरूनच काही दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रं सांभाळते. घरात आजी आहे. मुलगी साडेदहा वर्षांची, इंग्रजी माध्यमाच्या सीबीएसई शाळेतून पाचवी पास. मुलगा सात वर्षांचा, पहिली झालेला. एप्रिलमध्ये दोघांनाही शाळेतून काढलं. सहा वीसची व्हॅन, तीनला परत, लगेच ट्यूशन, आणि एवढं करून मुलीला गणिताची धास्ती आणि मुलाला वाचता येत नाही, एवढंच त्यामागचं कारण.

हे घर नमुन्याचं आहे, म्हणजे अनेक घरांत दिसणाऱ्या गोष्टी इथे एका छताखाली आणल्या आहेत. शाळा सोडावी की नाही हा वाद इथे घेतलेला नाही. तो निर्णय झाल्यावर अभ्यासक्रम कसा निवडला, तो कुठे फसला आणि दिवस कसा बसवला, एवढंच पाहायचं आहे.

पहिली खरेदी

शाळा सुटली की बहुतेक घरांत पहिल्या पंधरवड्यात खरेदी होते. इथेही झाली. मुलीसाठी परदेशी बनावटीचा छत्तीस आठवड्यांचा आखीव अभ्यासक्रम, मुलासाठी त्याच संचाची खालची पायरी, गणिताच्या ॲपची वर्षभराची वर्गणी आणि वर भूगोलाच्या नकाशांचा जाड ग्रंथ. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्याच सुमारास घरीही सुरुवात झाली. ऑगस्टच्या मध्यापर्यंत संच कपाटात गेला.

संच वाईट नव्हता. त्याच्या मोजमापात घर बसत नव्हतं. मुलीचे सहा विषय, प्रत्येकी चाळीस मिनिटं, म्हणजे चार तास. मुलाचे चार विषय, प्रत्येकी पंचवीस मिनिटं, म्हणजे एक तास चाळीस मिनिटं. दोघांचे विषय पूर्ण वेगळे, आणि दर विषयात मोठं माणूस शेजारी बसेल हे गृहीत. एकूण पाच तास चाळीस मिनिटं. आईकडे अकराला ग्राहकांचे फोन सुरू होईपर्यंत जेमतेम तीन तास होते. त्यात दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी ही विवरणपत्रं भरायची मुदत. त्या दोन्ही तारखांच्या आधीचे दोन-दोन दिवस तर तीन तासही मिळत नसत. रोज अडीच-पावणेतीन तासांचं काम मागे पडत गेलं आणि तिसऱ्या आठवड्यापासून रविवारही ‘राहिलेलं पूर्ण करण्यात’ जाऊ लागला. मुलीची चिडचिड, आईचा आवाज, आजीचं ‘पोरं दिवसभर घरीच राहून राहिले, लोकं काय म्हणतीन?’ हे सगळं त्याच वजाबाकीतून आलेलं.

बाकीच्या अडचणी त्या मानाने किरकोळ. उदाहरणांत डॉलर आणि इंच होते, इतिहासात भारत दोन धड्यांपुरता होता, मराठी कुठेच नव्हती. ॲपचा प्रश्न वेगळा: चुकलं की ते पुन्हा पर्याय देतं, मग मूल बरोबर येईपर्यंत दाबत राहतं आणि हिरव्या खुणांचा तक्ता भरून येतो. शिकलेल्या भागाच्या सरावाला ॲप चालतं. नवीन गोष्ट शिकवायला ते बसवलं की तक्ता आणि वही यांचा मेळ बसत नाही.

बाहेर पडायचं दार आधी ठरवणं

दुसऱ्या खेपेला क्रम उलटा केला. पुस्तकं नंतर, दहावीची परीक्षा कोणत्या दारातून द्यायची ते आधी. इथल्या घराला तीन दारं आहेत.

पहिलं, राज्य मंडळाचा फॉर्म नंबर १७, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून दहावी. त्यासाठी वयाची चौदा वर्षं पूर्ण आणि किमान पाचवी उत्तीर्ण असावं लागतं, शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. नागपूरला विभागीय मंडळ असल्याने कामासाठी फार लांब जावं लागत नाही. मुलीचं इथे अनायासे जमलेलं: ती पाचवी पूर्ण करूनच निघाली. मुलगा पहिलीनंतर निघाला, त्याच्याकडे पाचवीचा कागद नाही. त्याला तो मिळवायचा तर महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची परीक्षा आहे, तिला वय किमान दहा लागतं (आठवीच्या परीक्षेला तेरा). म्हणून शाळेतून काढायचंच असेल आणि मूल चौथी-पाचवीत असेल, तर पाचवीचा निकाल हातात घेऊन काढणं सोयीचं. एका वर्षाच्या घाईने पुढे एक जादा परीक्षा पदरात पडते.

दुसरं दार एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. माध्यमिक परीक्षेसाठी किमान वय चौदा. आठवीचा दाखला नसेल तर स्वप्रतिज्ञापत्र चालतं. पाच विषय पुरतात, त्यात किमान एक भाषा हवी. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के, नोंदणी पाच वर्षं टिकते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा, त्यामुळे तीन विषय एकदा आणि दोन पुढच्या खेपेला अशी फोड करता येते. शिक्षकाने तपासायच्या गृहपाठांना, म्हणजे टीएमएला, २० टक्के भार असतो आणि ते वेळेत न दिल्याने गुण गमावणारी मुलं दर वर्षी निघतात. विज्ञानाला प्रात्यक्षिक परीक्षाही आहे. ती अभ्यास केंद्रावर होते, घरी करून भागत नाही. मराठी विषय आहे, त्याचा क्रमांक २०४.

तिसरं दार म्हणजे पुन्हा शाळा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ४ वयाला साजेशा वर्गात प्रवेश द्यायला सांगतं, आणि कलम ५ प्रमाणे दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. त्याच कायद्याचं कलम १० पालकांवर मुलाला शाळेत घालण्याचं कर्तव्य टाकतं, पण ते न पाळल्यास पालकाला शिक्षा कायद्यात लिहिलेली नाही. घरी शिकवणं आज याच फटीत उभं आहे, आणि ज्याला ते ठाऊक आहे तो कागद जपून ठेवतो.

मुलीसाठी एनआयओएस, फॉर्म १७ राखीव. मुलासाठी शाळेचं दार उघडं ठेवायचं. या दोन निर्णयांतून बरीच पुस्तकं आपोआप गळली. मुलीला पाच विषयांची तयारी करायची आहे, नऊची नाही. मुलाचं गणित आणि भाषा आसपासच्या शाळेतल्या त्याच्या वयाच्या वर्गापासून फार लांब जाता कामा नये. बाकी विषयांत त्याला कुणी फारसं विचारणार नाही.

गणित: इयत्ता विसरून

मुलगी पाचवी पास म्हणून सहावीचं पुस्तक उघडायचं, ही चूक पहिल्या संचातच झाली होती. दुसऱ्या खेपेला तिसरी, चौथी आणि पाचवीच्या पुस्तकांच्या शेवटच्या सरावसंचांतून दहा-दहा उदाहरणं काढली. एका दिवशी एक संच, घड्याळ न लावता, आईने काही न सांगता. दहापैकी आठ बरोबर आली तर ती पायरी पक्की धरायची. तिसरीला दहा, चौथीला सहा, पाचवीला तीन.

चुका पाहिल्या तर त्या दोनच जातीच्या होत्या. पहिली भागाकारात: ४२१२ भागिले ४ चं उत्तर ती १५३ लिहायची, यायला हवं १०५३. चार एके चार झालं, दोन खाली उतरले, त्यात चार जात नाही, मग तिने तसाच पुढचा अंक उतरवला. भागाकारात शून्य मांडायचं राहिलं. चौकटीच्या वहीत वर ‘ह श द ए’ लिहून प्रत्येक अंक आपल्या घरात मांडायला लावलं की रिकामं राहिलेलं घर तिलाच दिसतं. रोज पाच उदाहरणं, त्यातल्या दोहोंत मुद्दाम शून्य. शिवाय उत्तराचा अंदाज आधी तोंडी: चार हजारांचे चार भाग म्हणजे हजाराच्या पुढे, मग १५३ कसं येईल?

दुसरी चूक अपूर्णांकात: ३/४ + १/२ = ४/६. वरचे वर मिळवले, खालचे खाली. नियम पुन्हा पाठ करून ही चूक जात नाही, परीक्षेपुरती दबते. इथे २४ सेंटिमीटरच्या कागदी पट्ट्या कापल्या. २४ यासाठी की अर्धा १२, तिसरा भाग ८, पाव ६, सहावा भाग ४ आणि आठवा ३, सगळे पूर्ण सेंटिमीटरात पडतात. घडी घालून तीन समान भाग करायला गेलं की पट्टी वाकडी होते आणि वेळ घडीतच जातो. आता ३/४ म्हणजे १८ सेंटिमीटर, १/२ म्हणजे १२. शेजारी ठेवले तर ३०, पूर्ण पट्टी ओलांडून वर सहा, म्हणजे सव्वा. आणि तिचं उत्तर ४/६ म्हणजे १६. मिळवून आलेली पट्टी पहिल्या पट्टीपेक्षाही आखूड! हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर छेद समान करायची गरज तिने स्वतःच मांडली. भागाकार आणि अपूर्णांक मिळून सात आठवडे गेले. एवढे आठवडे चौथीच्या पुस्तकात घालवणं पालकांना फार जड जातं, आणि नेमकं इथेच बहुतेक जण घाई करून पुढे उडी मारतात.

मुलाचं गणित बरं होतं. त्याला वेगळी पुस्तकं घेतलीच नाहीत. बालभारतीचं दुसरीचं पुस्तक संकेतस्थळावरून उतरवून छापलं.

वाचन

मुलाला अक्षरं येत होती, जोडून शब्द होत नव्हता. रोज पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. पहिले दोन आठवडे बिनमात्रांचे शब्द: कमळ, बदक, गवत, नगर. मग काना. त्यानंतर दुसरी वेलांटी आणि शेवटी पहिली. नेहमीचा क्रम पहिली-दुसरी असा असतो, पण पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात आणि नंतर उच्चारतात. डावीकडून बोट सरकवणारं मूल तिथेच अडतं. जोडाक्षरांत ‘र’ची तीन रूपं (सूर्य, चक्र, ट्रक) एकाच आठवड्यात घेऊ नयेत. पाच-पाच दिवस एकेक पुरतं.

आजीला या पंधरा मिनिटांत बसवलं तेव्हा एक गडबड झाली: नातू थांबला की ती प्रेमाने शब्द सांगून टाकायची. मूलही हुशार, आजीच्या ओठांकडे पाहून वाचायचं. उपाय साधा. आजीने मनात दहा मोजायचे, मग फक्त पहिलं अक्षर सांगायचं.

एकत्र विषय

इतिहास, भूगोल, विज्ञान दोघांना एकत्र. एक विषय सहा आठवडे, वाचन सामाईक, काम वेगळं: मुलगी लिहिते, मुलगा चित्र काढून खाली एक ओळ. मुलगी सीबीएसईतून आलेली, शिवकाल तिला फारसा ठाऊक नव्हता. राज्य मंडळाचं चौथीचं परिसर अभ्यासाचं दुसरं पुस्तक पूर्ण त्यावरच आहे, ते दोघांना चाललं. प्राचीन भारताच्या वेळी वाकाटक घेतले, कारण ते दाराशी आहेत: मनसर, नंदीवर्धन, रामटेकच्या केवल-नृसिंह मंदिरातला शिलालेख. रामटेक सुमारे पन्नास किलोमीटर, सकाळी जाऊन जेवायला परत.

पाण्याचा विषय पावसाळ्यात बसतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून शहरात पाणी शिरलं, ते मुलांनी बातम्यांत पाहिलेलं असतं. मग तलावापासून नाग नदीचा नकाशा काढणं, ती पुढे कन्हानला कुठे मिळते ते शोधणं कंटाळवाणं राहत नाही. गच्चीवर पर्जन्यमापक ठेवला. तो सरळ कडांच्या बरणीचाच हवा. शीतपेयाच्या बाटलीचा तळ खडबडीत असतो, म्हणून पहिल्या काही मिलिमीटरांचं माप चुकतं. तीच वापरायची तर तळ झाकेल एवढं पाणी आधी भरून तिथे शून्याची रेघ मारावी. नोंद रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खात्याचा चोवीस तासांचा पाऊस तेव्हाच मोजतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातल्या आकड्याशी ताडून पाहता येतो.

दिवस आणि वर्ष

सव्वासातला मुलाचं वाचन, पंधरा मिनिटं. साडेसातला दोघांना मोठ्याने वाचून दाखवणं, अर्धा तास. मग पोहे, आंघोळी. आठ चाळीसला मुलीचं गणित आईसोबत, पंचेचाळीस मिनिटं. मुलगा तेवढा वेळ आजीपाशी, शेंगा निवडतो किंवा गोट्यांचे दहा-दहाचे गट करतो. नऊ पंचवीसला मुलाचं गणित, पंचवीस मिनिटं. मुलगी त्याच खोलीत सराव सोडवते. सव्वादहाला एकत्र विषय, चाळीस मिनिटं. आईच्या वाट्याला एकूण दोन तास पस्तीस मिनिटं. तीन तासांत बसतं आणि दूधवाला, कुरिअर, सांडलेलं पाणी यांना पंचवीस मिनिटं उरतात.

अकरानंतर मुलीची स्वतःची यादी: इंग्रजी वाचन आणि एक परिच्छेद, मराठी शुद्धलेखनाच्या दहा ओळी, उरलेला सराव. यादी कागदावर, फळ्यावर नाही. पुसलेली ओळ झाली की राहिली ते कळत नाही. ‘झालं’ म्हटलेलं खरंच झालं का, हे त्याच दिवशी संध्याकाळी पाहायचं. वही आठवड्याने तपासली तर चुकीची पद्धत पाच दिवस घोटून पक्की झालेली असते. उत्तरांची पानं पुस्तकातून कापून वेगळी ठेवावी लागतात, यात मुलीवर अविश्वास वगैरे काही नाही.

सोमवार ते गुरुवार हे वेळापत्रक. छत्तीस आठवडे धरले तर १४४ दिवस, आणि तेवढे पुरतात. शुक्रवार बाहेरचा: उज्ज्वलनगरहून ऑरेंज लाइनची मेट्रो, बर्डीला (सीताबर्डी) उतरून ऑटोने रमण विज्ञान केंद्र, किंवा झिरो माइल आणि तिथून अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय. शुक्रवारी सकाळी गर्दी नसते, पण गाडीत कुणीतरी विचारतंच, ‘आज शाळा नाही का गं?’ ‘मी घरी शिकते’ एवढं उत्तर मुलीला आधीच देऊन ठेवलेलं बरं, नाहीतर ती आईकडे बघते आणि काहीतरी लपवल्यासारखं वाटतं. शनिवारी वडील: प्रयोग, उजळणी आणि पुढच्या आठवड्याचे कागद लावणं.

जीएसटीच्या तारखांना, म्हणजे ९ ते ११ आणि १८ ते २०, वेळापत्रक हलकं केलं: फक्त सराव, वाचन आणि आजीच्या देखरेखीखालची कामं. नवीन काही नाही. हे आधीच दिनदर्शिकेवर लाल करून टाकल्याने ‘आज पुन्हा बुडालं’ ही भावना गेली.

नागपूरचा उन्हाळा वेगळा प्रश्न आहे. एप्रिल-मेमध्ये काम साडेसहा ते नऊ, बस्स. त्यानंतर दारं-खिडक्या लावून कूलर. आणि कूलरच्या खोलीत मोठ्याने वाचता येत नाही, पंख्याच्या घरघरीत मुलाला शेवटची अक्षरं ऐकूच जात नाहीत. वाचनात अचानक मागे पडलेलं मूल मे महिन्यात दिसलं तर आधी कूलरकडे बघावं. वाचन पहाटेच्या वेळात, दुपारी चित्रं, पत्ते, कॅरम, बैठी कामं. उन्हाळ्यातलं हे अर्धं काम छत्तीस आठवड्यांत मोजलेलं नाही. त्या मोबदल्यात तान्हा पोळा आणि मारबतीचे दिवस बिनधास्त सुट्टीचे.

सोबतीचा प्रश्न वेळापत्रकाने सुटत नाही. गल्लीतली मुलं तीनपर्यंत शाळेत, सातपर्यंत ट्यूशनला. मोकळी सापडतात सात ते आठ. मुलीला बॅडमिंटनच्या रोजच्या सरावात मैत्रिणी मिळाल्या. मुलगा मात्र खिडकीशी उभा राहून व्हॅन मोजायचा.

कागद

एकच जाड फाइल. शाळा सोडल्याचे मूळ दाखले (लॅमिनेट न करता, प्लास्टिकच्या पाकिटात), पाचवीची गुणपत्रिका, जन्मदाखले. शाळेकडून पीईएन, म्हणजे मुलाचा कायमचा शिक्षण क्रमांक, लिहून घ्यावा: मूल निघालं की यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी नोंदप्रणालीत त्याचं नाव ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळेतून निघालेल्या मुलांच्या यादीत, जातं आणि नवी शाळा तिथूनच उचलते. जुन्या शाळेने नाव तसं सोडलंच नसेल तर पुढचा प्रवेश संगणकावर अडतो, आणि तेव्हा जुन्या कार्यालयात खेपा घालाव्या लागतात. दाखला घेतानाच विचारलं तर पाच मिनिटांचं काम.

कामाचा पुरावा म्हणून दर महिन्याला प्रत्येक विषयाचे तीनच कागद: सुरुवातीचा, मधला, शेवटचा. तारीख घालून, चुकांसकट. सगळं साठवणाऱ्या घरात हवं ते पान सापडत नाही. शाळाबाह्य मुलांच्या पाहणीसाठी शिक्षिका दारी आल्या तेव्हा आजी घाबरली, आईने बसवून चहा दिला आणि फाइल उघडली. वाद घातला नाही, कायद्याची कलमं सुनावली नाहीत. त्यांनी मुलाला एक परिच्छेद वाचायला लावला, वय आणि आधीची शाळा लिहून घेतली आणि गेल्या.

दुसऱ्या वर्षीचा निर्णय

मार्चपर्यंत मुलगा सलग वाचू लागला होता. त्याच महिन्यात त्याने शाळा मागितली, दोनदा नाही, रोज. त्याला जवळच्या, चालत जाता येईल अशा मराठी शाळेत वयानुसार तिसरीत घातलं. इंग्रजी माध्यम सुटलं याची वडिलांना रुखरुख आहे. व्हॅनचे दोन तास वाचले हे त्यांनाही मान्य आहे. गणितात तो वर्गाबरोबर होता, लिहिण्याच्या वेगात मागे. फळ्यावरून उतरवून घ्यायची सवय घरी लागतच नाही. प्रवेशाआधी महिनाभर रोज दहा ओळी भिंतीवरच्या कागदावरून उतरवायला लावलं असतं तर पहिलं सत्र सोपं गेलं असतं.

मुलगी घरीच आहे. तिचा वाढदिवस सप्टेंबरातला, त्यामुळे चौदा पूर्ण झाल्यावर एनआयओएसची सप्टेंबर ते जानेवारीची नोंदणी आणि पहिली परीक्षा पुढच्या ऑक्टोबरात, पंधरा पूर्ण झाल्यावर. विषय जवळपास ठरले: मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि चित्रकला. गणित-विज्ञान दोन्ही ठेवले, म्हणजे अकरावीत विज्ञान शाखेचा रस्ता बंद होत नाही. मुलाची चाळीस मिनिटं मोकळी झाली आहेत, ती आईने विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांना दिली. सध्या तराजू, मोजपात्र आणि थर्मामीटर एवढंच सामान आहे. रसायनांचे प्रयोग अभ्यास केंद्र निवडताना तिथली प्रयोगशाळा पाहूनच ठरवायचे आहेत.